घरचे यंत्र आणि कठीण धातू

बीदरच्या बिदरी कारागिराचे काम पाहणाऱ्याचे लक्ष प्रथम जाते ते काळ्याभोर पृष्ठावर चमकणाऱ्या चांदीच्या नक्षीकडे. परंतु या कलेतील खरी कसोटी चांदी बसविण्यापूर्वीच लागलेली असते. जस्तात थोडेसे तांबे मिसळून ओतलेले भांडे प्रथम कानशीने साफ केले जाते. मग त्यावर मोरचुदाचे पाणी चोळून ते तात्पुरते काळे करतात, म्हणजे त्यावर ओढलेली रेघ स्पष्ट दिसते. ते भांडे मेणाच्या साहाय्याने हलणार नाही असे घट्ट बसविले जाते आणि नंतरच कारागीर छिन्नी हाती घेतो. चांदीची तार बसवावयाची असेल तर खाच बारीक हवी, पत्रा बसवावयाचा असेल तर ती रुंद व सपाट तळाची हवी. म्हणून छिन्नीही निराळी. शेवटी बीदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या लेपाने जस्त कायमचे काळे होते, चांदी मात्र तशीच शुभ्र राहते. २००६ मध्ये या कलेला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले.

या कामात एक पाठ दडलेला आहे. धातू ओळखावा, वस्तू घट्ट धरावी, कामाला योग्य असे हत्यार निवडावे, त्याची धार राखावी आणि एका वेळी थोडेच कापावे. बिदरी कारागिराचे नशीब एवढेच चांगले की, त्याचा धातू ठरलेला आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचा आहे.

त्याच जिल्ह्यात भालकी, औराद, बसवकल्याण किंवा शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात आळंद, शहाबाद, सेडम या बाजूला एखाद्या लहानशा वर्कशॉपमध्ये बसणाऱ्या कारागिराला हे भाग्य लाभत नाही. आज उसाच्या चरकाचा दांडा येतो, उद्या डाळीच्या गिरणीचे चाक, परवा फरशी कापण्याच्या यंत्राचा भाग. धातू कोणता हे आणणाऱ्यालाही ठाऊक नसते. नवे मिलिंग यंत्र विकत घेण्याची ऐपत नसली, की जुन्या लेथवर उभी सरक जोडून, किंवा लोखंडी चॅनेलचा सांगाडा वेल्डिंग करून, किंवा ड्रिलिंग यंत्राखाली दोन दिशांनी सरकणारा मेज बसवून घरच्या घरी यंत्र तयार करण्याचा विचार सुचतो. ही खटपट कौतुकास्पद आहे. परंतु अशा यंत्रावर चिवट पोलाद चढविले, की पहिल्या दोन मिनिटांतच नवा कटर निळा पडून बोथट होतो, आणि कारागीर दोष कटरला देतो. दोष बहुधा कटरचा नसतो.

घरच्या यंत्राची दुखरी बाजू

लेथवर वस्तू फिरते आणि हत्यार स्थिर असते. मिलिंगमध्ये याच्या उलट. येथे अनेक दात्यांचा कटर फिरतो आणि मेजावर बांधलेली वस्तू त्याच्याकडे सरकते. प्रत्येक दाता क्षणभर धातूत शिरतो, स्वल्पविरामासारखा आकार असलेला एक तुकडा काढतो आणि बाहेर पडतो. म्हणजे मिलिंग हे सतत कापणे नसून सेकंदाला पुष्कळदा बसणाऱ्या ठोक्यांची मालिका होय. कारखान्यातील मिलिंग यंत्र जडशीळ बिडाचे असते ते हे ठोके पचविण्यासाठीच. घरच्या यंत्राचा सांगाडा लवतो, स्क्रूमध्ये सैलपणा असतो आणि धातूत कंप उठतो. त्यात ड्रिलिंग यंत्राच्या बेअरिंगांची घडण मुख्यतः वरून खाली येणारा दाब सोसण्यासाठी असते, बाजूने येणारा नव्हे. चक ज्या निमुळत्या दांड्यावर केवळ घर्षणाने बसलेला असतो, तो बाजूच्या धक्क्यांनी सुटून फिरता कटर खाली येण्याचा धोका खरा आहे. म्हणून कटर वरून बोल्टने ओढून घट्ट धरता येईल अशी व्यवस्था ही पहिली गरज समजावी.

दुसरी गोष्ट कटरच्या लांबीची. चकाबाहेर निघालेला कटर दुप्पट लांब झाला तर त्याच जोरात तो आठपट वाकतो. आणि त्याचा व्यास निम्मा केला तर सोळापट वाकतो. तेव्हा लांब कटरपेक्षा आखूड कटर केव्हाही श्रेयस्कर. परंतु व्यास फार वाढविणेही बरे नव्हे. मोठा कटर फिरविण्यास मोटारीला अधिक जोर लागतो. लहान यंत्रावर आठ ते बारा मिलिमीटर व्यासाचा आखूड कटर हा साधारणतः सुखाचा मध्यम मार्ग ठरतो.

कठीण निराळे, चिवट निराळे

बोलताना जो धातू कापत नाही त्या प्रत्येकाला ‘कठीण’ म्हटले जाते. वस्तुतः येथे दोन निराळे गुण आहेत. पाणी दिलेली कानस कठीण असते. तिच्यावर ओरखडा उठत नाही, पण ती पटकन मोडते. स्टेनलेस स्टील तितके कठीण नसते, परंतु चिवट असते. ते तुटण्याऐवजी ताणले जाते, आणि दबले की त्याचे पृष्ठ अधिकच कडक होते. शिवाय नरम पोलादाच्या मानाने त्यातून उष्णता सुमारे एकतृतीयांशच वाहते. कापताना उत्पन्न झालेली उष्णता धातूत पसरत नाही, ती कटरच्या धारेवर साचते. धार निळी पडते ती यामुळे.

या चिवटपणाचा कळस म्हणजे मँगनीज पोलाद. इंग्लंडमधील शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्ड यांनी १८८२ मध्ये ते तयार केले. त्यात सुमारे बारा टक्के मँगनीज असते. मार बसेल तसतसे ते कडक होत जाते. म्हणूनच दगड फोडण्याच्या यंत्राचे जबडे आणि रेल्वेच्या सांध्यांवरील भाग त्याचे करतात. चुनखडीच्या खाणी आणि सिमेंटचे कारखाने असलेल्या कलबुर्गी जिल्ह्यात भंगारात असा एखादा जबडा सहज हाती लागतो. तो घरच्या यंत्रावर चढविणे म्हणजे कटर वाया घालविणे होय. त्याला सहाणेच्या चाकाने घासणे हाच व्यवहार्य मार्ग.

मग अनोळखी तुकडा ओळखावा कसा? तीन साधे उपाय आहेत. पहिला लोहचुंबक: नेहमीच्या वापरातील स्टेनलेस स्टीलला आणि मँगनीज पोलादाला तो फारसा चिकटत नाही. दुसरा कानस: नवी कानस नुसतीच घसरली, तर साधा कटरही घसरणार हे निश्चित. तिसरा सहाणेच्या चाकावरील ठिणग्या: नरम पोलादाच्या ठिणग्या लांब व सरळ जातात, स्प्रिंगच्या पोलादात कार्बन अधिक, म्हणून त्या जागोजाग फुटून फुलबाजीसारख्या दिसतात, बिडाच्या ठिणग्या आखूड आणि लालसर असतात. ओळखीच्या धातूंचे तुकडे जवळ ठेवून त्यांच्याशी तुलना केली, तर हे ज्ञान थोड्याच दिवसांत डोळ्यांत बसते.

ट्रकच्या पाट्याचे पोलाद कापावयाचे असल्यास गावच्या लोहाराची रीत उपयोगी पडते. तुकडा चांगला लाल तापवून राखेत किंवा कोरड्या चुन्यात रात्रभर पुरून ठेवला, की सावकाश थंड होऊन तो नरम पडतो. काम झाल्यावर त्याला पुन्हा पाणी देऊन योग्य तितका उतार द्यावा लागतो. हे न करता नरम पडलेला भाग वाहनात बसविणे हा निव्वळ आळस नव्हे, अपराध आहे. बिडाची गोष्ट वेगळी. ओतीव वस्तूच्या वरच्या कातडीत वाळू आणि कडक थर असतो. तेथे बारीक घाव घातला तर धार वाळूवरच झिजते. म्हणून पहिलाच घाव कातडीच्या खाली जाईल इतका घ्यावा.

कटर कशाचा असावा?

साध्या कार्बन पोलादाचे हत्यार दोनशे-अडीचशे अंश सेल्सिअसच्या पुढे नरम पडू लागते. १८६८ मध्ये इंग्लंडमध्ये रॉबर्ट मशेट यांनी पोलादात टंगस्टन घालून अधिक उष्णता सोसणारे हत्यार केले. पुढे अमेरिकेत टेलर आणि व्हाइट यांनी त्यावरील उष्णताक्रिया सुधारली. १९०० मधील पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांचे हत्यार लालबुंद होऊनही पोलाद कापताना लोकांनी पाहिले. हेच आजचे हायस्पीड स्टील. सुमारे सहाशे अंशांपर्यंत ते आपली धार राखते. १९२३ मध्ये जर्मनीत कार्ल श्र्योटर यांनी टंगस्टन कार्बाइडची भुकटी कोबाल्टच्या साहाय्याने सांधून त्याहूनही कठीण पदार्थ बनविला. क्रुप कंपनीने तो ‘विडिया’ या नावाने विकला. मूळ जर्मन शब्दांचा अर्थ ‘हिऱ्यासारखा’. आपल्याकडील वर्कशॉपमध्ये आजही कार्बाइडला ‘विडिया’च म्हणतात, ते त्या नावाची आठवण म्हणून.

हिऱ्यासारखा असला, तरी विडिया ठिसूळ आहे. कंप पावणाऱ्या यंत्रावर त्याच्या धारेचे कण उडतात. त्याला भक्कम यंत्र हवे आणि अधिक वेगही हवा. म्हणून सामान्य घरच्या यंत्रावर हायस्पीड स्टीलचा कटर, आणि चिवट धातूसाठी पाच ते आठ टक्के कोबाल्ट असलेला हायस्पीड कटर, हाच भरवशाचा. ज्याने आपले यंत्र पुरेसे ताठ केले आहे, त्याने आखूड विडिया कटर अवश्य वापरून पाहावा. पण महाग कटर दुबळ्या यंत्राची उणीव भरून काढील, ही आशा बाळगू नये.

दात्यांची संख्याही विचारपूर्वक ठरवावी. ॲल्युमिनियमसारख्या चिकट धातूचा कीस जाड निघतो. त्याला बाहेर पडण्यास मोकळी जागा हवी, म्हणून दोन दाते बरे. पोलादाला सामान्यतः चार. परंतु मेज हाताने सावकाश सरकवावा लागत असेल, तर पोलादालाही कमी दाते लाभदायक ठरतात. ते का, हे पुढील हिशेबावरून कळेल.

वेग आणि चाल यांचा हिशेब

हायस्पीड कटरच्या धारेचा वेग नरम पोलादावर मिनिटाला सुमारे २५ मीटर, आणि स्टेनलेस स्टीलवर सुमारे १५ मीटर धरावा. या वेगाला ३१८ ने गुणून कटरच्या मिलिमीटरमधील व्यासाने भागले, की मिनिटाचे फेरे मिळतात. बारा मिलिमीटरचा कटर नरम पोलादावर सुमारे ६६० फेऱ्यांनी, तर स्टेनलेसवर सुमारे ४०० फेऱ्यांनी फिरवावा. अनेक लहान ड्रिलिंग यंत्रे इतक्या सावकाश फिरतच नाहीत. तेथे मोठी कप्पी लावून वेग उतरवावा, किंवा कटरचा व्यास कमी करावा. वेग वाढला की धार जळते, हे बहुतेकांना अनुभवाने कळते.

कळत नाही ते दुसरे सत्य: फार हळू सरकविल्यानेही धार मरते. स्टेनलेसवर प्रत्येक दात्याने ०.०५ मिलिमीटर जाडीचा तुकडा काढावा असे धरू. चार दाते आणि ४०० फेरे, म्हणजे मेज मिनिटाला ८० मिलिमीटर सरकला पाहिजे. भीतीपोटी कारागिराने तो २० मिलिमीटरच सरकविला, तर प्रत्येक दात्याच्या वाट्याला जेमतेम सव्वाशतांश मिलिमीटर येतो. झिजलेल्या धारेची गोलाईच जवळजवळ तेवढी असते. मग दाता कापत नाही, घासतो. घासल्याने स्टेनलेसचे पृष्ठ कडक होते, आणि पुढचा दाता त्या कडक पृष्ठाशी झुंजतो. दोन दात्यांचा कटर असेल, तर त्याच जाडीसाठी मिनिटाला ४० मिलिमीटरची चाल पुरते आणि हाताला ती साधते. यास्तव नियम असा की, घावाची खोली कमी ठेवावी, रुंदी कमी ठेवावी, पण चाल भ्याड ठेवू नये. कटर धातूत उभा असताना मेज थांबवू नये. थांबावयाचे तर कटर बाहेर काढावा.

दिशेचाही विचार हवा. कटर ज्या बाजूला फिरतो त्याच बाजूला वस्तू सरकविली, तर पृष्ठ सफाईदार येते. परंतु स्क्रू सैल असल्यास कटर वस्तूला एकदम ओढून घेतो आणि मोडतो. म्हणून घरच्या यंत्रावर कटरच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेने वस्तू सरकविणे सुरक्षित. ज्या दिशेने काम चालू नसेल ती सरक आवळून ठेवावी. पोलादावर तेल-पाण्याचे दुधाळ मिश्रण सतत सोडावे; बीड कोरडेच कापावे; विडियावर मात्र थेंब थेंब पाणी टाकू नये. तापणे-निवणे चालू राहिले की त्याला तडे जातात.

डोळ्यांवर चष्मा, घट्ट बाह्या, हातमोजे नाहीत, आणि कीस काढण्यास बोट नव्हे तर ब्रश, हे नियम सर्वांना माहीत असतात. ते मोडले जातात ती घाईच्या दिवशी. हंगामात चरक बंद पडलेला असतो आणि शेतकरी दारात उभा असतो. त्याच दिवशी कारागिराची परीक्षा होते. तुकडा ओळखू येत नसेल, किंवा तो सुकाणूचा वा ब्रेकचा भाग असेल, तर ‘हे काम येथे होणार नाही’ असे सांगणे यात कमीपणा नाही. त्याने एका दिवसाची मजुरी जाईल. पण कोणाचा जीव धोक्यात पडणार नाही.

बिदरी कारागिराच्या हाती मोटारीचे बळ नाही. तरी त्याची खाच रेखीव उतरते, कारण आपला धातू आणि आपली छिन्नी यांचा स्वभाव त्याला पुरता ठाऊक असतो. घरच्या यंत्रालाही मोठ्या कारखान्यातील यंत्राचे बळ कधी येणार नाही. बळाची ही उणीव ज्ञानाने आणि धीराने पुष्कळ अंशी भरून काढता येते. आणि जेथे ती भरत नाही ती सीमा ओळखणे, हेही त्याच ज्ञानाचे अंग होय.