पीकपाहणीचा तक्ता कसा भरावा व कसा सुधारावा

सातबारा हा शेतकऱ्याच्या जमिनीचा आरसा होय. त्यांतील गांव नमुना सात हा हक्काचा व नमुना बारा हा पिकांचा. बाराची नोंद पूर्वीं तलाठी करीत असे. १५ ऑगस्ट २०२१ पासून सर्व महाराष्ट्रांत 'ई-पीक पाहणी' सुरू झाली आणि ही लेखणी शेतकऱ्याच्या हातीं आली. लेखणीबरोबर चुकीची जबाबदारीही आपल्याकडे आली, हें मात्र अद्यापि पुष्कळांच्या ध्यानांत आलेलें नाहीं. हमीभावाची खरेदी, पीकविमा, नुकसानीची मदत या सर्व प्रसंगीं हीच नोंद पाहिली जाते. तूर शेतांत उभी आहे, पण नोंदींत नाहीं, तर खरेदी केंद्राच्या दारांत तिला साक्षीदार नाहीं. म्हणून आम्ही आमच्या सभासदांकरितां या तक्त्याचें मर्म थोडक्यांत सांगतों.

पत्र व तक्ता यांत मोठा भेद आहे. "ओढ्याकडील तुकड्यांत सोयाबीन, मधून तूर," असें पत्रांत लिहिलें तर वाचणारा माणूस अर्थ लावून घेतो. तक्त्यांत प्रत्येक रकान्यास एकच प्रश्न व एकच उत्तर असतें. पिकाचें नांव लिहावयाचें नसून यादींतून निवडावयाचें असतें, याचेंही कारण आहे. एकानें हरभरा लिहिला व दुसऱ्यानें चणा, तर यंत्र तीं दोन पिकें मानील, आणि तालुक्याची बेरीज चुकेल. परंतु यादीचा उपयोग येथेंच संपतो. गटाच्या क्षेत्राहून मोठा आकडा घातला तर यंत्र तो अडवूं शकतें; पण तुरीऐवजीं चुकून कापूस निवडला तर तें कांहींच बोलत नाहीं. रीत चुकली तर यंत्रास कळतें, वस्तुस्थिति चुकली तर कळत नाहीं.

सर्वांत अधिक घोटाळा क्षेत्राच्या रकान्यांत होतो. आपण एकर-गुंठ्यांत बोलतों, नोंद मात्र हेक्टर-आरमध्यें असते. एक गुंठा म्हणजे सुमारें एक आर, व शंभर आरांचा एक हेक्टर. दोन एकर दहा गुंठे म्हणजे नव्वद गुंठे, अर्थात् सुमारें ९१ आर, हें ०.९१ हेक्टर होतें. नऊ आर लिहितांना ०.०९ असें लिहावें. ०.९ लिहिल्यास नव्वद आर होतात, आणि एका शून्यानें जमीन दसपट वाढते.

आंतरपीक असेल तर 'मिश्र पीक' हा पर्याय घेऊन मुख्य पीक व त्याचीं सोबतीचीं पिकें वेगवेगळीं दाखवावीं. 'निर्भेळ' निवडल्यास एकच पीक नोंदीस येतें. सिंचनाचें साधन व सिंचनाची पद्धत हेही दोन निरनिराळे प्रश्न आहेत. विहीर हें साधन, ठिबक ही पद्धत.

आतां दुरुस्तीविषयीं. २०२२ सालीं आलेल्या दुसऱ्या आवृत्तींत शेतकऱ्यास आपली नोंद ४८ तासांच्या आंत स्वतः सुधारण्याची सोय झाली, व किमान १० टक्के नोंदी तलाठ्यानें तपासाव्या असें ठरलें. म्हणजे बहुतेक नोंदी शेतकऱ्याच्याच शब्दावर उभ्या राहतात. मुदत गेल्यावर मात्र कचेरीच्या पायऱ्या चढाव्या लागतात. यासाठीं आमची सूचना अशी कीं, तक्ता भरला त्याच संध्याकाळीं ती नोंद पुन्हां उघडावी व घरांतील दुसऱ्या माणसाकडून मोठ्यानें वाचवून घ्यावी. आपली चूक आपल्या डोळ्यांस दिसत नाहीं. एक रकाना बदलला म्हणजे त्यावर अवलंबून असलेले दुसरे रकाने कधीं कधीं रिकामे होतात. म्हणून दुरुस्तीनंतर सबंध तक्ता पहिल्यापासून तपासावा. शिवारांत फोनला जाळें नसेल तर माहिती वर पोंचली कीं नाहीं, हें घरीं येऊन अवश्य पाहावें.

'नोंद जतन झाली' एवढें यंत्र सांगतें; 'नोंद खरी आहे' हें सांगणें शेताच्या धन्याचें काम आहे. पेरणीपूर्वीं बियाणें पारखून घेण्यास आपण जितका वेळ देतों, त्याचा दशांश जरी या तक्त्यास दिला, तरी हंगामाच्या शेवटीं होणारी पुष्कळ वणवण टळेल.