विश्लेषण : संकेतस्थळावर आलेला ग्राहक काही सेकंदांत का परततो? छोट्या व्यावसायिकांनी काय करावे?

सीताबर्डीत किंवा इतवारीत दुकानाच्या पायरीवरून ग्राहक परत फिरू लागला, की आतून हाक येते, ‘या ना, बघून तर घ्या!’ संकेतस्थळावर अशी हाक मारता येत नाही. आलेला माणूस कधी आला आणि का गेला, हे मालकाला कळतही नाही. संत्री, बर्फी, सावजी मसाला, साड्या अशा अनेक वस्तूंचे नागपुरातील छोटे विक्रेते आता स्वतःच्या संकेतस्थळावरून बाहेरगावी माल पाठवू पाहत आहेत. ‘क्लिक’वर आकारणी होणाऱ्या जाहिरातीत ग्राहकाने काही घेतले नाही तरी पैसे कापले जातात. म्हणूनच आलेला ग्राहक टिकवणे हा थेट गल्ल्याशी जोडलेला प्रश्न आहे.

ग्राहक ‘टिकला’ हे कसे ओळखायचे?

बहुतेक छोटे व्यावसायिक गूगल अ‍ॅनालिटिक्स ही मोफत सेवा वापरतात. तिच्या जुन्या आवृत्तीत एकच पान पाहून गेलेला पाहुणा सरसकट ‘परतलेला’ समजला जाई. ही आवृत्ती १ जुलै २०२३ पासून बंद झाली. नव्या आवृत्तीत भेट १० सेकंदांहून अधिक टिकली, दोन किंवा अधिक पाने पाहिली गेली किंवा मालकाने महत्त्वाची ठरवलेली एखादी कृती झाली, तर ती भेट ‘सहभागाची’ धरली जाते. खरेदी, फोन, चौकशीचा अर्ज यांना अशी कृती ठरवता येते.

मात्र, जास्त वेळ म्हणजे जास्त यश असे नाही. फोन क्रमांक शोधायला आलेल्याला तो पाच सेकंदांत मिळाला आणि त्याने फोन लावला, तर काम फत्ते. तोच क्रमांक शोधत तो तीन मिनिटे भटकला, तर आकडा चांगला दिसेल, पण ग्राहक वैतागलेला असेल.

ग्राहक परतण्याचे सर्वांत मोठे कारण कोणते?

पान उघडायला लागणारा वेळ. मोबाइलवर पान उघडायला तीन सेकंदांहून जास्त वेळ लागला तर ५३ टक्के भेटी अर्धवट सोडल्या जातात, असे गूगलच्या २०१६ मधील अभ्यासात आढळले होते. पानावरील मुख्य मजकूर किंवा छायाचित्र २.५ सेकंदांत दिसावे, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा आणि पान उघडताना त्यातील मजकूर इकडेतिकडे सरकू नये, असे गूगलचे सध्याचे निकष आहेत. ‘खरेदी करा’वर बोट ठेवावे आणि तेवढ्यात वरून जाहिरात येऊन बटण खाली सरकावे, हा अनुभव अनेकांनी घेतला असेल. तिसरा निकष त्यासाठीच आहे.

पान जड होण्याचे कारण बहुधा छायाचित्रे असतात. मोबाइलवर काढलेले एक छायाचित्र सहज ४ एमबीचे असते. अशी दहा छायाचित्रे थेट चढवली तर पान ४० एमबीचे होते. प्रति सेकंद ८ मेगाबिट वेगाच्या नेटवर ते पूर्ण उतरायला ४० सेकंद लागतील. हीच छायाचित्रे प्रत्येकी १५० केबीपर्यंत आणली तर दीड सेकंद पुरतो. त्यासाठी मोफत साधने उपलब्ध आहेत आणि मोबाइलच्या पडद्यावर दर्जातला फरक सहसा जाणवत नाही.

पहिल्या पडद्यावर काय असावे?

‘आमच्या संकेतस्थळावर आपले सहर्ष स्वागत आहे’ या वाक्याने कोणालाच काही मिळत नाही. ग्राहक प्रश्न घेऊन येतो आणि त्याला उत्तर हवे असते.

संत्र्याचेच उदाहरण घेऊ. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. साधारणपणे आंबिया बहाराची फळे नोव्हेंबर ते जानेवारीत, तर मृग बहाराची फळे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये बाजारात येतात. पुण्यातील ग्राहकाला पेटी किती किलोची, भाव काय, पार्सल किती दिवसांत पोहोचेल आणि फळे खराब निघाली तर भरपाई कोण देणार, हे चार प्रश्न असतात. त्यांची उत्तरे पान न सरकवता दिसली तर तो थांबतो. ती ‘आमच्याविषयी’ या पानात दडली असतील तर तो दुसरीकडे जातो.

हंगाम नसताना आलेल्या ग्राहकाचेही तसेच. जून महिन्यात ‘माल उपलब्ध नाही’ एवढेच लिहिले तर तो कायमचा जाईल. पुढचा हंगाम कधी सुरू होईल हे सांगून ‘कळवायचे असल्यास क्रमांक द्या’ असे विचारले, तर तोच नोव्हेंबरातला पहिला ग्राहक ठरू शकतो.

मराठी मजकुराने फरक पडतो का?

केपीएमजी आणि गूगलच्या २०१७ मधील अहवालानुसार, भारतात २०१६ मध्येच भारतीय भाषांतून इंटरनेट वापरणारे २३.४ कोटी, तर इंग्रजीतून वापरणारे १७.५ कोटी होते. तरीही अनेक छोट्या संकेतस्थळांवर मराठी दिसते ती फक्त पत्रकाच्या छायाचित्रात. डीटीपीवाल्याने केलेले पत्रक जसेच्या तसे चढवले, तर त्यातील अक्षरे मोबाइलवर बारीक दिसतात आणि ‘नागपुरी संत्री घरपोच’ असा शोध घेणाऱ्याला ते पान सापडण्याची शक्यताही कमी होते. मजकूर युनिकोडमध्ये टाइप केलेला असेल तर दोन्ही अडचणी टळतात.

थांबवण्यासाठी क्लृप्त्या वापरल्या तर?

‘फक्त दोनच शिल्लक’, उलटे धावणारे घड्याळ, न विचारता टोपलीत टाकलेली जादा वस्तू या क्लृप्त्या आता नियमबाह्य ठरू शकतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी जारी केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा १३ ‘डार्क पॅटर्न्स’ची यादी आहे. खोटी घाई, गुपचूप वस्तू टाकणे, नकार देणाऱ्याला लाजवणे हे त्यात येते. माल खरेच कमी असेल तर तसे लिहायला हरकत नाही.

ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार स्वतःच्या संकेतस्थळावरून माल विकणाऱ्याने व्यवसायाचे नाव, पत्ता, संपर्क, परतीच्या अटी आणि सर्व शुल्कांसह एकूण किंमत स्पष्ट द्यावी लागते. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करावे लागते. या बाबी ग्राहकाचा विश्वासही वाढवतात. ऑनलाइन फसवणुकीच्या बातम्या रोज वाचणारा माणूस अनोळखी दुकानाला पैसे देण्यापूर्वी पत्ता आणि फोन शोधतोच.

सुरुवात कुठून करावी?

टोपली भरून पैसे न देता निघून जाण्याचे प्रमाण जगभरात सरासरी ७० टक्क्यांच्या आसपास असल्याचे बेमार्ड इन्स्टिट्यूटचे संकलन सांगते. त्यामागचे एक मोठे कारण म्हणजे शेवटच्या पायरीवर वाढलेला खर्च. त्यामुळे पार्सलचा खर्च सुरुवातीलाच सांगणे हा पहिला उपाय.

दुसरा उपाय, ‘पेजस्पीड इनसाइट्स’वर संकेतस्थळाचा पत्ता टाकून वेग तपासणे. ही तपासणी मोफत आहे. तिसरा, व्हॉट्सअ‍ॅपवर ग्राहकांनी विचारलेले शेवटचे २० प्रश्न काढून त्यांची उत्तरे संबंधित वस्तूच्या पानावर लिहिणे.

चौथा उपाय सर्वांत सोपा. घरातील किंवा शेजारच्या एखाद्या व्यक्तीला साधा मोबाइल द्यावा, वायफाय बंद करावे आणि ‘यावरून एक पेटी मागव’ एवढेच सांगावे. मध्ये काहीही समजावून सांगू नये. ती व्यक्ती जिथे अडेल तिथेच ग्राहकही अडत असतो. जाहिरातीचा पुढचा हप्ता भरण्याआधी तेवढी जागा दुरुस्त करावी.