पॅनिक अटॅकनंतर मित्र गप्प झाला तर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पॅनिक अटॅकमध्ये छातीत धडधड, घाम, थरथर, श्वास अपुरा पडणे ही लक्षणे एकाएकी सुरू होतात, काही मिनिटांत शिगेला पोहोचतात आणि बहुधा अर्ध्या तासात ओसरतात. लग्नाच्या पंगतीतून ताट सोडून उठणे, सोबतच्या मित्रावर उगाच खेकसणे असे प्रसंग त्यातून घडतात. पुढे त्या मित्राचा फोन आला नाही, की दुसरीच काळजी सुरू होते. तिच्या मुळाशी बहुधा पुढील गैरसमज असतात.

गैरसमज १ : मित्र गप्प आहे, म्हणजे नाराज आहे.
वस्तुस्थिती : काय बोलावे हे न सुचणे, विषय काढला तर समोरच्याला ओशाळे वाटेल ही धास्ती किंवा निव्वळ कामाची घाई, यांपैकी कोणतेही कारण असू शकते. व्हॉट्सॲपच्या निळ्या खुणाही फारसे सांगत नाहीत. ती सोय बंद ठेवता येते. चालू असली तरी संदेश उघडला गेला, एवढेच कळते.

गैरसमज २ : सगळ्यांनी पाहिले, सगळ्यांच्या लक्षात राहिले.
वस्तुस्थिती : थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात केलेला प्रयोग २००० मध्ये प्रसिद्ध झाला. गायक बॅरी मॅनिलो यांचे चित्र असलेला, लाजिरवाणा वाटणारा टी-शर्ट घालून विद्यार्थ्यांना इतरांसमोर पाठवले गेले. जवळपास निम्म्या लोकांनी तो पाहिला असेल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात सुमारे पाव लोकांच्याच तो लक्षात आला. शेजारी बसलेल्या मित्राला प्रसंग दिसतोच, पण आतली धडधड जेवढी जाणवते तेवढी त्यालाही दिसत नाही.

गैरसमज ३ : प्रसंग पुन्हा पुन्हा आठवला की नेमके काय चुकले ते उमगते.
वस्तुस्थिती : डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५ मध्ये सामाजिक चिंतेची जी मांडणी केली, तिच्यात या उजळणीला महत्त्वाचे स्थान आहे. त्या वेळची भीती आठवणीत मिसळते आणि प्रसंग होता त्याहून वाईट भासू लागतो.

गैरसमज ४ : जितकी जास्त माफी, तितका लवकर समेट.
वस्तुस्थिती : पॅनिक अटॅक हा अपराध नव्हे. त्या भरात कोणाला टाकून बोलले गेले असेल, तर तेवढ्यापुरती एकदा माफी पुरते. ‘रागावला नाहीस ना?’ असे वारंवार विचारल्याने दिलासा घटकाभर मिळतो, पण काळजी परतते आणि मित्रावरही दडपण येते.

गैरसमज ५ : आपण होऊन संपर्क साधणे म्हणजे गळ्यात पडणे.
वस्तुस्थिती : पेगी लियू आणि सहकाऱ्यांच्या २०२२ च्या संशोधनानुसार, आपण विचारपूस केल्याचे समोरच्याला किती बरे वाटते याचा अंदाज माणसे कमीच बांधतात. ‘परवा अचानक घाबरायला झालं, म्हणून निघून गेलो. आता बरा आहे. सवडीनं बोलू.’ एवढा संदेश पुरेसा असतो. उत्तर आले नाही, तर काही दिवसांनी एकदा साधी चौकशी करावी आणि मग थांबावे. क्वचित मित्र खरोखरच दुरावतो. तसे झाले तरी तेवढ्यावरून स्वतःची किंमत ठरवू नये.

छातीत दुखणे किंवा धाप लागणे पहिल्यांदाच झाले असेल, तर आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. अटॅक पुन्हा पुन्हा येत असतील किंवा त्यांच्या धास्तीने माणसांत जाणे टळत असेल, तर समुपदेशन आणि गरजेनुसार औषधे यांचा चांगला उपयोग होतो. भारत सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेत १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य सल्ला मिळतो.