निर्वासित की विस्थापित? बातमीतील शब्दाचे वजन

म्हैसूर : घर सुटलेल्या माणसांना बातमीत काय म्हणावे, या प्रश्नाची दोन उत्तरे म्हैसूर जिल्ह्यातच आढळतात. बायलकुप्पे येथील तिबेटी सीमा ओलांडून आले, ते निर्वासित. हुणसूर तालुक्यातील नागापूर वसाहतीत नागरहोळेच्या जंगलातून हलवलेली आदिवासी कुटुंबे राहतात. ती देशातच राहिली.

संयुक्त राष्ट्रांच्या १९९८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, घर सोडणे भाग पडले पण देशाची सीमा ओलांडली नाही, असे लोक ‘अंतर्गत विस्थापित’ ठरतात. ही तत्त्वे बंधनकारक नाहीत. त्यामुळे कसोटी उरते ती सक्तीची.

व्याघ्र प्रकल्पांतून गावे हलवताना सरकारी कागदपत्रांत ‘स्वेच्छा पुनर्वसन’ असे म्हटले जाते. वृत्तपत्राने तोच शब्द उचलला, तर सक्ती झाली का, हा प्रश्न बातमीतून गळतो. मे २०२५ मध्ये काही जेनू कुरुबा कुटुंबे २००६ च्या वनहक्क कायद्याचा आधार घेत नागरहोळेतील पूर्वजांच्या जागी परतली. अशा घटनेला केवळ ‘अतिक्रमण’ म्हटल्यास वाचकापर्यंत त्यांचा दावाच पोहोचत नाही.

म्हणूनच विस्थापनाच्या बातमीत कोणी हलवले, कोणत्या कायद्याने, कोणते आश्वासन दिले आणि त्यातले किती पाळले, ही चार उत्तरे आवश्यक ठरतात.