बांधावरची भुईआवळी आणि दारूने पोळलेले यकृत

पावसाची पहिली झड बसली, की पनवेलहून उरणकडे जाताना लागणाऱ्या जासईच्या शिवारात, खाचरांच्या बांधांवर वीतभर उंचीचे एक रोप उगवते. पाने आवळ्याच्या पानांसारखी बारीक, आणि पानांच्या खाली मोहरीएवढ्या फळांची ओळ. हीच भुईआवळी. कावीळ झाली की ती मुळासकट उपटावी, वाटावी आणि ताकातून द्यावी, ही रीत कोकणात जुनी आहे. शिवारातील पुष्कळ जमीन आता रस्त्यांखाली व कंटेनरांच्या आवारांखाली गेली. तरी उरल्या बांधावर भुईआवळी येतेच.

या मुलुखाची दुसरीही एक जुनी ओळख आहे. एकोणिसाव्या शतकात उरण हे मोहाच्या दारूच्या भट्ट्यांबद्दल प्रसिद्ध होते व तेथली दारू मुंबईस जात असे. म्हणजे यकृताचा शत्रू आणि त्याचा मानला गेलेला मित्र, दोघेही एकाच मातीत नांदले. म्हणूनच की काय, एक प्रश्न येथे वारंवार कानी येतो : "रात्री थोडी घेतली आणि सकाळी झाडपाल्याचा काढा घेतला, तर यकृत शाबूत राहील ना?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्याच्या चुकीच्या उत्तरावर विसंबून घरातला कर्ता माणूस जातो. यास्तव त्याचा नीट विचार करू.

प्रथम दारू यकृतात काय करते ते पाहू. यकृत हा सुमारे दीड किलो वजनाचा अवयव. साठ मिलिलिटरच्या एका मोठ्या पेगात सुमारे २० ग्रॅम मद्यार्क असतो, आणि शरीर ताशी साधारण ७ ते १० ग्रॅमच मद्यार्क निकालात काढू शकते. हे काम बहुतांशी यकृताचेच. ते मद्यार्काचे प्रथम असिटाल्डिहाइड बनवते. हा पदार्थ मद्यार्काहूनही विषारी. पुढे त्याचे निरुपद्रवी असिटेट होते खरे. पण रोज पिणाऱ्याच्या यकृतात मद्यार्क जाळण्याची एक जादा वाटही जोराने चालू होते. तिच्यातून प्राणवायूचे उच्छृंखल कण ठिणग्यांसारखे उडतात व पेशींची आवरणे पोळतात. या ठिणग्या विझविण्यासाठी पेशींपाशी ग्लुटाथायोन नावाचा साठा असतो. दारू तोही आटवते. मग यकृतात चरबी साचते, पुढे सूज येते, सुजेच्या जागी वण धरतात, आणि वण वाढत जाऊन यकृत दगडासारखे टणक व गाठाळ होते. यालाच सिऱ्होसिस म्हणतात.

आता वनस्पतींकडे वळू. हिमालयातील कुटकीपासून लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने पिक्रोलिव हे सत्त्व तयार केले. कोकणात तापावर दिल्या जाणाऱ्या कडू किराइतात अँड्रोग्राफोलाइड आहे. भुईआवळीत फायलँथिन आहे. भूमध्य समुद्राकाठच्या मिल्क थिसल या काटेरी झाडाच्या बियांतले सिलिमरिन तर युरोपात १९६० च्या दशकापासून अभ्यासले गेले. प्रयोगशाळेत ही द्रव्ये त्या ठिणग्या विझवताना, ग्लुटाथायोनचा साठा टिकवताना आणि पेशींची आवरणे सांभाळताना दिसली आहेत. दारू पाजलेल्या उंदरांच्या यकृतातही त्यांनी अपाय कमी केलेला आढळला. तेव्हा आपल्या आजीबाई अगदीच भ्रमात होत्या, असे कोणी म्हणू नये.

परंतु उंदीर आणि माणूस यांच्यामध्ये मोठी दरी आहे. पहिली गोष्ट अशी, की पुष्कळ प्रयोगांत यकृताला इजा करण्यासाठी दारू नव्हे, तर कार्बन टेट्राक्लोराइडसारखे निराळेच विष वापरलेले असते. दुसरी, औषध बहुधा विषाच्या आधी किंवा विषाबरोबरच देतात. आपला माणूस मात्र वर्षानुवर्षे पिऊन झाल्यावर काढ्याकडे वळतो. तिसरी, प्रयोग काही दिवसांचा वा आठवड्यांचा असतो आणि पिणे वीस-वीस वर्षांचे. आणि चौथी, पोटात गेलेले द्रव्य रक्तात उतरले तर उपयोग. सिलिमरिन पाण्यात नीट विरघळत नाही व आतड्यातून फारच थोडे शोषले जाते.

माणसांवरील चाचण्यांनीही हेच दाखविले. १९८९ साली ऑस्ट्रियातील संशोधकांनी सिऱ्होसिसच्या १७० रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. सिलिमरिन घेणाऱ्यांपैकी, विशेषतः दारूमुळे आजारी पडलेल्यांपैकी, अधिक लोक जगले असे तीत दिसले व मोठी आशा उत्पन्न झाली. पण १९९८ साली स्पेनमधून दारूच्या सिऱ्होसिसच्या २०० रुग्णांचा वृत्तांत आला. त्यात औषध घेणारे व न घेणारे यांच्या आयुष्यात फरक आढळला नाही. पुढे २००७ साली अशा चाचण्या एकत्र पडताळून पाहिल्या, तेव्हा ज्या काटेकोर होत्या त्यांत मृत्यू टळल्याचा पुरावा सापडला नाही. भुईआवळीचीही कथा अशीच. १९८८ साली मद्रासच्या संशोधकांनी कावीळ-ब च्या वाहकांवर तिचा विलक्षण गुण आल्याचे लिहिले. नंतरच्या चाचण्यांत तो तसा आढळला नाही. आणि ती कावीळ विषाणूची होती, दारूची नव्हे, हेही विसरू नये. विषाणूची कावीळ अनेकदा आपोआप उतरते, आणि श्रेय ताकातल्या पाल्याला मिळते.

याच्याही पुढची एक गोष्ट आहे. "झाडपाला आहे, अपाय तर नाही ना?" असे आपण सहज म्हणतो. २०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृतास इजा झालेल्या सहा रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षास हरकत घेतली, वनस्पतीची ओळख नीट पटविली होती काय असे विचारले. तो वाद तज्ज्ञांचा. आपल्यापुरता धडा इतकाच, की ज्या द्रव्यात गुण करण्याची शक्ती आहे, त्यात अवगुण करण्याचीही असू शकते. आणि आधीच पोळलेल्या यकृतावर अनोळखी काढ्याचा भार टाकणे शहाणपणाचे नव्हे.

मग यकृताला वाचविणारे काहीच नाही काय? आहे, आणि ते अगदी साधे आहे. पिणे बंद केले तर नुसती चरबी साचलेले यकृत बहुधा दोन ते सहा आठवड्यांत पूर्ववत होते. सिऱ्होसिस झालेल्या माणसाचेही आयुष्य पिणे सोडल्याने वाढते. आजवर तपासलेल्या कोणत्याही पाल्याला ही कसोटी उतरलेली नाही.

मात्र सोडण्यातही एक सावधगिरी हवी. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी बंद केले, तर हातपाय कापणे, झटके येणे, भ्रम होणे असे प्रकार होऊन जीवावर बेतू शकते. म्हणून हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली व्हावे. डोळे पिवळे होणे, पोट व पाय सुजणे, शौचास काळे होणे वा रक्ताची उलटी होणे, यांपैकी काही दिसले तर काढा उकळीत न बसता इस्पितळ गाठावे. आणि व्यसन हा आजार आहे, पाप नव्हे, हे घरच्यांनीही जाणावे. डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण सुरू केले ते याच जाणिवेने.

भुईआवळीविषयी आमच्या मनात अनादर नाही. तिच्यातील द्रव्यांचा शोध चालू राहावा. उद्या त्यातून खरे औषध निघेलही. पण आज ती पेल्याचा परवाना होऊ शकत नाही. बांधावर ती खुशाल उगवू द्यावी. घरातल्या पिणाऱ्या माणसाला मात्र सकाळच्या काढ्याची नव्हे, तर रात्रीची बाटली दूर सारण्यासाठी आपल्या हाताची गरज आहे.