सकाळची शाळा, रात्रीची दारू

‘शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास मनाई’ ही पाटी आपण पाहिलेली असते. त्यावरूनच बहुधा पुष्कळांना वाटतं, की शाळेजवळ दारू पिऊन गाडी चालवली तर शिक्षा दुप्पट होते. तसं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये शाळेचं नावही नाही. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही; पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, १५ हजार दंड किंवा दोन्ही. अमली पदार्थांच्या कायद्यात मात्र शाळेलगतचा गुन्हा शिक्षा वाढवण्याचं कारण ठरू शकतो. रस्त्याच्या कायद्यातही तशी तरतूद हवी, असं मला ठामपणे वाटतं.

‘पावती फाडली की सुटलो’ हेही खोटं. या गुन्ह्याची जागेवर तडजोड होत नाही, प्रकरण कोर्टात जातं. दोषी ठरल्यास किमान सहा महिने गाडी चालवण्यास अपात्र ठरवलं जातं. तपासणी यंत्रात फुंकायला नकार दिला, तर तो नकारच चालकाच्या विरोधात धरता येतो.

शाळेच्या संदर्भात सर्वांत घातक समज वेगळाच आहे: ‘रात्रीची केव्हाच उतरली.’ मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. शरीर तासाला साधारण १५ मिलिग्रॅम कमी करतं. मध्यरात्री एकला हे प्रमाण १५० असेल, तर सकाळी सातला, पोरं दप्तर घेऊन व्हॅनची वाट बघत असताना, ते ६० च्या आसपास असतं. म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. आंघोळ, लिंबूपाणी, कडक चहा यांनी तरतरी वाटेल, आकडा उतरत नाही.

‘कुणी दगावलं तरी निष्काळजीपणाचंच कलम लागतं’ असंही म्हणतात. २००६ मध्ये मुंबईत कार्टर रोडवर दारू प्यायलेल्या चालकाच्या गाडीखाली फुटपाथवर झोपलेले सात मजूर गेले. त्याला सदोष मनुष्यवधासाठी झालेली तीन वर्षांची कैद २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली. आज भारतीय न्याय संहितेच्या कलम १०५ खाली, जीव जाऊ शकतो याची जाणीव असूनही केलेल्या अशा कृत्याला दहा वर्षांपर्यंत कैद आहे. आणि शाळा सुटण्याच्या वेळी फाटकासमोरून पिऊन गाडी नेणाऱ्याला ‘तिथे मुलं असतील हे ठाऊक नव्हतं’ असं कोणत्या तोंडाने म्हणता येईल?