खाडाखोडीचे मोल

'खाडाखोड' हा शब्द आपल्याकडे सहसा निंदेच्या सुरातच उच्चारला जातो. शाळेत असताना कच्ची वही निराळी आणि पक्की वही निराळी. कच्ची वही कोणाला दाखवायची नाही आणि पक्क्या वहीत डाग पडू द्यायचा नाही, हा आपला पहिला धडा. पुढे आपण थोरामोठ्यांच्या कविता वाचू लागतो त्या छापील, स्वच्छ पानांवर. या माणसांच्या कच्च्या वह्या कशा असतील, हा प्रश्न आपल्या मनाला शिवतही नाही. रवींद्रनाथ टागोरांची अशी एक वही मात्र जगाने पाहिली आहे, आणि तिच्या कीर्तीत तिच्यातील खाडाखोडीचा वाटा फार मोठा आहे.

गोष्ट १९२४ सालची. पेरू देशाकडे निघालेले रवींद्रनाथ वाटेत आजारी पडले आणि अर्जेंटिनात ब्वेनोस आयरेसजवळ सान इसिद्रो येथे त्यांना मुक्काम करावा लागला. तेव्हा त्यांचे वय ६३ वर्षांचे होते. तेथे ते ज्या कविता लिहीत होते, त्या पुढे १९२५ मध्ये 'पूरबी' या संग्रहात आल्या. त्यांची व्यवस्था पाहणाऱ्या लेखिका व्हिक्टोरिया ओकाम्पो यांनी एकदा ती वही पाहिली आणि त्या थक्क झाल्या. खोडलेल्या ओळींतून तेथे विचित्र पक्षी, चोची, मुखवटे आणि कधी कोणी न पाहिलेले प्राणी डोके वर काढीत होते.

हे घडे कसे? कवितेतला एखादा शब्द पसंत पडला नाही, की रवींद्रनाथ त्यावर शाई फिरवीत. पुढच्या ओळीत आणखी एक शब्द जाई. अशा रीतीने एकाच पानावर पाच-सात काळे ठिपके विखुरले जात. मग ते एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत रेघ ओढीत, तिसऱ्याला वळसा घालीत, आणि हळूहळू त्या सुट्या डागांचा एक आकार होई. या विसंगत खुणा आपल्या डोळ्यांना खुपत आणि हातातले लेखन बाजूला ठेवून त्यांना लयीत बांधण्यातच आपला वेळ अधिक जाई, अशा आशयाचे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे.

येथे 'लय' हा शब्द महत्त्वाचा आहे. सुटा डाग कुरूप दिसतो, कारण त्याचा कशाशीच संबंध नसतो. दुसऱ्या डागाशी त्याचे नाते जुळले, की तोच आकृतीचा एक अवयव बनतो. सारे आयुष्य छंदात शब्द बसविणाऱ्या कवीला ही दृष्टी नवी नव्हती. नवे होते ते फक्त माध्यम. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. १९०० साली जगदीशचंद्र बोस यांना लिहिलेल्या एका पत्रात, आपण चित्रे काढीत आहोत खरे, पण पेन्सिलीपेक्षा खोडरबरच अधिक चालतो आहे, असा विनोद त्यांनी केला होता. तेच रवींद्रनाथ सत्तरीच्या उंबरठ्यावर चित्रकार म्हणून जगापुढे आले. १९३० च्या मे महिन्यात ओकाम्पो यांच्या साहाय्याने पॅरिसमध्ये त्यांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन भरले. अखेरपर्यंत त्यांनी दोन हजारांहून अधिक चित्रे काढली.

यावरून कोणी असा अर्थ काढील, की चूक हीच सुंदर असते. तेव्हा खुशाल चुका कराव्यात. पण तसे नाही. रवींद्रनाथांनी नापसंत शब्द आधी खोडला, हे विसरता कामा नये. कविता त्यांनी चुकीची राहू दिली नाही. चूक ओळखणे ही पहिली पायरी आणि तिच्याकडे न लाजता पाहणे ही दुसरी. पहिली गाळून दुसरीवर उडी मारता येत नाही.

शिवाय प्रत्येक चूक सावरता येतेच असेही नाही. लिओनार्दो दा विंचीने १४९५ ते १४९८ या काळात मिलान येथे 'अंतिम भोजन' हे भित्तिचित्र रंगविले. ओल्या गिलाव्यावर रंगवायचे तर घाई करावी लागते, बदल करता येत नाहीत. लिओनार्दोला सावकाश, फेरफार करीत काम करायचे होते; म्हणून त्याने कोरड्या भिंतीवर रंग दिला. तो रंग भिंतीला नीट धरला नाही आणि काही वर्षांतच पोपडे सुटू लागले. त्या चित्राच्या डागडुजीचे अलीकडचे मोठे काम वीस वर्षांहून अधिक काळ चालून १९९९ साली पुरे झाले. वहीच्या पानावर केलेला प्रयोग फसला तर एक पान जाते. भिंतीवरचा फसला तर भिंत जाते. म्हणून प्रत्येकाला आधी एक वही हवी, जेथे चूक स्वस्त असते.

आपल्यापाशी नेमकी हीच वही नाही, असे मला वाटते. वर्षभर आपण टिपणे उतरवून घेतो, गाइडमधील उत्तरे पाठ करतो आणि स्वतःचे असे पहिले वाक्य लिहितो ते थेट परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत. म्हणजे पहिलाच प्रयोग भिंतीवर! ज्यांच्या घरात आधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, त्यांना तर छापील पान जन्मतःच निर्दोष वाटते. लेखक नावाचा माणूस अडखळतो, खोडतो, पुन्हा लिहितो, हे त्यांनी कधी पाहिलेलेच नसते. मग आपला पहिला खर्डा वाकडा आला, की 'हे आपले काम नव्हे' असे म्हणून ती मुले कायमची गप्प बसतात. हे नुकसान कोणत्याच गुणपत्रिकेत दिसत नाही. त्यातून आज मोबाइलवर लिहिताना खोडलेला शब्द मागमूस न ठेवता नाहीसा होतो. खाडाखोड डोळ्यांना दिसण्याची सोयही राहिलेली नाही.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. रवींद्रनाथांची हस्तलिखिते जादवपूर विद्यापीठाच्या 'बिचित्रा' या संकेतस्थळावर २०१३ पासून सर्वांना पाहता येतात. आमच्या प्राध्यापकांनी वर्गात छापील कवितेशेजारी असे एखादे खोडलेले पान ठेवावे. आणि आपल्या भित्तिपत्रकाचा एक अंक तरी केवळ कच्च्या खर्ड्यांचा निघावा. खोडलेल्या ओळींसह, लिहिणाऱ्याच्या नावासह. तो अंक फारसा देखणा दिसणार नाही. पण त्याच्यासमोर उभे राहून एखादा मित्र 'असे तर मलाही लिहिता येईल' असे म्हणाला, तरी तो काढल्याचे सार्थक होईल.